पेट्रोल जातं कुठे

सुभाषने बॉनेट सोडलं. ते धाडकन बसलं तसे धनाजीराव दचकले.

"गाडीत काहीच नाही, काका," फडक्याने बोटं पुसत सुभाष म्हणाला. "प्लग बघितले, एअर फिल्टर बदलला, चाकांतली हवा बघितली. ब्रेक कुठे धरून राहत नाहीत, टाकी गळत नाही, पाइप गळत नाही. गाडी एकदम बेस्ट."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी सुभाषचं गॅरेज होतं. बाहेरच्या कडुनिंबात उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचे मांजे अजून लोंबत होते. त्याने गाडीकडे पाहिलं, धनाजीरावांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, एक चक्कर मारू. जाताना तुम्ही चालवा, येताना मी."

जाताना धनाजीरावांनी चालवली. शेजारी बसून सुभाष एकदा डॅशबोर्डवरच्या मायलेजच्या आकड्याकडे बघायचा, एकदा धनाजीरावांच्या पायाकडे. मोठ्या रस्त्यावरून वळून दोघांनी जागा बदलली आणि सुभाषने तोच रस्ता, तसल्याच गर्दीतून, परत आणला. लिटरला सोळाच्या खाली कधी न आलेली ती गाडी धनाजीरावांच्या हाताखाली अकरावर रडत होती. सुभाषच्या हाताखाली ती परत पूर्वीसारखी बोलू लागली.

गॅरेजसमोर गाडी उभी करून सुभाषने चावी फिरवली. "एक सांगू? वाईट नाही ने वाटून घेणार?"

"सांग."

"तुम्ही चौथा गिअर टाकतच नाही. सगळा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्यात. डावा पाय क्लचवर अर्धवट दाबलेला. मध्येच कचकन ब्रेक, की परत रेस. गाडी पेट्रोल नाही जास्त पीत, काका, तुम्ही तिला पाजताय." मग त्याचा आवाज खाली आला. "मला स्टिअरिंगवर तुम्हीच बसवलंत. तेव्हा काय म्हणायचात? पुढच्या गाडीकडे बघू नको, तिच्याही पुढच्या गाडीकडे बघ. लांबचं दिसलं की पाय आपोआप हलका पडतो. आठवतं ने?"

"आठवतं."

"मग झालंय काय?"

"वय झालं रे," असं म्हणून धनाजीराव हसले आणि उतरून पुन्हा स्वतःच्या जागेवर येऊन बसले. काय झालंय ते त्यांना पक्कं माहीत होतं. सुभाषने गाडी तपासायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

धनाजीराव शिर्क्यांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते. आजोबा, वडील शिपाईगिरीत गेले. घोडे गेले, पागा गेली, आणि धनाजीरावांच्या हाती स्टिअरिंग आलं. मकरपुऱ्यात पंपांचे भाग बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याची गाडी ते चालवत. आधी शेठ होते तेव्हा शेठची, आणि शेठ गेल्यावर त्यांच्या पत्नी कांचनबेन कारखाना बघू लागल्या तेव्हापासून त्यांची. मालक बदलले, गाड्या बदलल्या, पण धनाजीरावांच्या हातची गाडी म्हणजे काय हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. हॉर्न जवळजवळ नाहीच. सिग्नलपाशी गाडी कधी थांबली आणि कधी निघाली ते मागे बसलेल्याला कळायचं नाही. दुसऱ्या कारखान्यांचे मालक आपल्या ड्रायव्हरांना म्हणायचे, जरा त्या मराठी काकांसारखी चालव.

नवरात्रात पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. गरब्याच्या मैदानाबाहेरच्या दिव्यांना केस फुटल्यासारखे दिसत होते. मग समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरायला लागले. दिवाळीनंतर दिवसाउजेडीही रस्त्यावर कुणीतरी दुधाची साय अंथरल्यासारखं वाटू लागलं. लांबचं दिसेना, म्हणून पाय ब्रेकपाशी घुटमळू लागला. पाय घुटमळू लागला म्हणून गिअर वर चढेना. समोरची वस्तू दिसायची ती अगदी जवळ आल्यावर, आणि मग कचकन ब्रेक.

स्कूटर त्यांनी कधीच बंद केली होती. गुडघा दुखतो, असं बायकोला सांगितलं होतं. उत्तरायणला गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली, "काका, तो बघा केवढा पेच लागलाय!" म्हणून पोरं ओरडत होती, आणि धनाजीराव मान आखडल्याचं निमित्त करून तिळाची चिक्की खात भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आकाशात एकही पतंग दिसला नव्हता.

डॉक्टरकडे जायचं धाडस होत नव्हतं, त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं. काचबिंदू. नस सुकली ती सुकलीच. रावपुऱ्यातल्या घराबाहेर खुर्ची टाकून वडील नुसते आवाज ऐकत बसायचे आणि पावलांवरून माणसं ओळखायचे. धनाजीराव कामावरून आले की म्हणायचे, "आज दमलास." डोळस माणसाला जे कळलं नसतं ते त्यांना कळायचं. डॉक्टरने नाव घेतलं की ती खुर्ची आपली झाली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. जोवर नाव घेतलं जात नाही तोवर गाडी आपली.

दुसऱ्या दिवशी पीयूषने त्यांना ऑफिसात बोलावलं. हिशेबाचं काम बघणारा हा मुलगा कारखान्यात नवा होता. मुलगा वाईट नव्हता. उलट फार सभ्य होता, त्यामुळे त्याला बोलायला जड जात होतं.

"काका, गॅरेजवाले म्हणतात, गाडी सारी छे," तो चष्मा काढून परत लावत म्हणाला.

"हो. चांगली आहे."

"टाकी तर दर वेळी फुल करता तुम्ही. मग..." तो थांबला. "मी काही बोलत नाही. पण कोणी पाइप लावून काढत असेल, कुठे गाडी उभी असताना... तुम्हाला माहीत असेल तर सांगा. तुम्ही स्वतः असाल तरी सांगा. मी बेनना नाही सांगणार. इथल्या इथे संपवू."

धनाजीरावांचे कान तापले. इतक्या वर्षांत टाकीतल्या थेंबाला त्यांनी हात लावला नव्हता. ओठांवर येऊन थांबलेलं वाक्य होतं, 'पोरा, चोरी नाही, मला दिसत नाही.' एवढं म्हटलं की आरोप पुसला गेला असता. आणि त्याच क्षणी किल्लीही काढून टेबलावर ठेवावी लागली असती.

"मला काही माहीत नाही," ते म्हणाले.

पीयूषने मान खाली घातली. त्याला जे समजायचं ते तो समजला, आणि धनाजीरावांनी ते समजू दिलं.

संध्याकाळी राजेश्वरी भाकरी थापत होती. धनाजीराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ऑफिसातली गोष्ट त्यांना घरात पोटात ठेवता यायची नाही. अर्धी तरी बाहेर यायचीच.

"पेट्रोल मी काढतो, असं वाटतंय त्या पीयूषला."

राजेश्वरीचे हात थांबले. "तुम्हाला म्हणाला?"

"सरळ नाही म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार?"

"काय म्हणणार म्हणजे? अहो, देवघरातली समई उसनी नेली तर वात मोजून परत करणारी माणसं आपण! उद्या मी येते कांचनबेनकडे. विचारते त्यांना."

"तू कशाला येतेस? नको."

"मग तुम्ही बोला ने. तोंड आहे की नाही?" भाकरी तव्यावर टाकून ती वळली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो, तुमचं काहीतरी वेगळंच आहे. परवा मी जिन्यात समोर उभी होते, तुम्ही 'कोण?' म्हणालात."

"अंधार होता."

"सकाळचे अकरा वाजले होते," राजेश्वरी म्हणाली.

धनाजीराव पाणी प्यायला माठाकडे गेले. त्या संध्याकाळी जेवताना राजेश्वरीने भाजीची वाटी त्यांच्या हाताला लागेल अशी सरकवली.

पुढच्या दिवशी कांचनबेनना काम लवकर आटोपून घरी अलकापुरीला जायचं होतं. कारखान्यांच्या सुटण्याची वेळ. रस्ता सायकलींनी, मोटरसायकलींनी, कंपन्यांच्या बसेसनी तुंबलेला. आणि वळणावर पश्चिमेचं ऊन नेमकं काचेवर आलं. धनाजीरावांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहिला. रस्ता नाही, माणसं नाहीत, काही नाही. त्यांनी सावकाश नेली, फार सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये. त्या पांढऱ्यातून एक खाकी डाग निघाला आणि डागाला हात फुटले.

ब्रेकवर त्यांनी सगळं अंग टाकलं. गाडी हिसका देऊन थांबली. मागच्या सीटवर कांचनबेनची पर्स खाली पडली. बॉनेटसमोर एक सायकल आडवी झाली होती आणि तिच्याशेजारी खाकी शर्टातला एक कामगार तळहात टेकून उठत होता. चाक त्याला लागलं नव्हतं. घाबरून तो स्वतःच पडला होता. त्याचा डबा उघडून रस्त्यावर उरलेला भात सांडला होता.

धनाजीराव दार उघडून धावले. "लागलं? कुठे लागलं?"

"अंधे हो क्या?" तो माणूस ओरडला. "दिखता नहीं है?"

हा प्रश्न या शहरात दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी विचारत असतो. त्याला कुणी उत्तर देत नाही.

"नाही," धनाजीराव म्हणाले. "नाही दिसत मला."

ते मराठीत म्हणाले, पण त्या माणसाला कळलं. तो ओरडायचा थांबला. त्याने धनाजीरावांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, सायकल उचलली, हँडल सरळ केलं. "फिर मत चलाइए, चाचा," असं एवढंच म्हणून, लंगडत नाही ना हे दोन पावलं टाकून बघून, तो गर्दीत निघून गेला.

धनाजीरावांनी गाडी कडेला घेतली नाही. हातच लावला नाही तिला. मागे हॉर्न वाजत होते. कांचनबेन खाली उतरल्या होत्या. त्यांनी हात करून मागच्या गाड्या बाजूने काढून दिल्या. त्या गुजरातीत बोलायच्या, धनाजीराव मराठीत, आणि आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. धनाजीरावांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"केव्हापासून?" कांचनबेननी विचारलं.

"नवरात्रापासून."

"मला वाटलंच. पूर्वी मी गाडीत पेपर वाचायचे, धनाजीभाई. हल्ली माझा हात वरच्या कडीवर असतो. म्हटलं, तुमच्या घरी काही टेन्शन असेल." मग त्यांना एकदम आठवलं. "आणि पेट्रोल? पीयूष मला काल रडवेल्या तोंडाने सांगून गेला. तुम्ही त्याला काही बोलला का नाहीत?"

धनाजीराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "चोर म्हटलं असतंत तर उद्या दुसरीकडे गाडी मिळाली असती, बेन. आंधळा म्हटल्यावर कुठे मिळणार?"

कांचनबेननी किल्ली घेतली. पर्समधून फोन काढून त्यांनी पीयूषला बोलावलं.

पीयूष मोटरसायकल कारखान्यातच ठेवून रिक्षाने आला. कांचनबेननी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने ऐकलं, आणि तो गाडीपाशी उभ्या धनाजीरावांसमोर आला.

"काका, मी तर समजलो की..."

"तू बरोबर समजलास. मीच तसं समजू दिलं तुला," धनाजीराव म्हणाले. "चल, बेनना उशीर होतोय."

ते पुढच्या डाव्या सीटवर बसले. बेन मागे असताना पहिल्यांदाच. आणि त्यांना नवल वाटलं ते याचं, की छातीवरचं ओझं उतरलं होतं. डोळे गेले होते, नोकरी जाणार होती, आणि तरी गेले तीन महिने असा श्वास त्यांनी घेतला नव्हता. आपल्या हातून माणूस मेला नाही. आता मरणारही नाही.

घरी त्यांनी राजेश्वरीला सगळं सांगितलं. काचबिंदू सोडून सगळं.

डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून गर्दी होती. डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलेली माणसं, सगळी डोळे मिटून, रांगेने. धनाजीरावही त्यांच्यात बसले. शेजारी राजेश्वरी पिशवी मांडीवर घेऊन ताठ. मग आत बोलावलं. डॉक्टर मृदुला म्हणून तरुण बाई होत्या, मराठी आडनाव वाचून त्या मराठीतच बोलू लागल्या. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, दिवा फिरवला, डोळ्यांचं प्रेशर मोजलं, परत दिवा फिरवला. धनाजीरावांना धीर धरवेना.

"काचबिंदू आहे ने, डॉक्टर? सांगून टाका. माझ्या वडिलांना होता."

राजेश्वरीची पिशवी खाली पडली.

"वडिलांना होता का? बरं झालं सांगितलंत." डॉक्टरांनी पुन्हा एकदा भिंग डोळ्यासमोर धरलं आणि आत बघत राहिल्या. मग दिवा बंद केला. "नाही. प्रेशर व्यवस्थित आहे. नस छान आहे, अगदी गुलाबी. तुम्हाला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजवा जास्त वाढलाय."

"मोतीबिंदू?"

"मोतीबिंदू."

"म्हणजे तो... जो काढतात?"

"हो, तोच. काढायचा आणि आत लेन्स बसवायची. आधी उजवा, मग डावा. वडिलांना काचबिंदू होता म्हणून दर वर्षी येऊन तपासून जायचं, विसरायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत गाडी बंद."

"पण नस..."

"नस चांगली आहे, आजोबा."

धनाजीराव हसायला लागले. हनुवटी अजून यंत्रावरच होती आणि ते हसत होते, आणि डोळ्यांतून थेंबांचं की कशाचं तरी पाणी गळ्यापर्यंत गेलं. डॉक्टरांनी कापूस पुढे केला.

बाहेर आल्यावर राजेश्वरी फुटली. "तीन महिने! तीन महिने काचबिंदू उराशी धरून माझ्या शेजारी झोपत होतात? आणि मी काय, भाडेकरू होते घरात?"

"अगं, तुला काळजी..."

"काळजी करायला तर मी आहे! नाहीतर काय करू दिवसभर?" ती रडत होती आणि त्यांचा दंड घट्ट धरून त्यांना पायऱ्या उतरवत होती. थेंबांमुळे त्यांना ऊन सोसवत नव्हतं, समोरचं काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर तिने त्यांना बाकड्यावर बसवलं आणि सेवउसळ मागवली. तिखट तर्री, वर कांद्याची पात. धनाजीरावांनी चाचपडत पाव उसळीत बुडवला. किती महिन्यांत जिभेला अशी चव लागली नव्हती. "आणखी एक प्लेट सांग," ते म्हणाले.

दोन्ही ऑपरेशनं होऊन डॉक्टरांनी "चालवा" म्हणेपर्यंत होळी येऊन गेली. मधल्या काळात नवापुऱ्याचा समरजित नावाचा ड्रायव्हर कांचनबेनची गाडी नेत होता. धनाजीराव परत गेले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "बेन, दिवे लागले की मी चालवणार नाही, परत जोखीम नको. समरजितला ठेवा. दिवसाचं माझ्याकडे, रात्रीचं त्याच्याकडे." लांबच्या, रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायचं त्यांना फार वेड होतं. पण आता ते ठरवून झालं होतं.

कांचनबेननी मान डोलावली. "आणि पहिली चक्कर माझ्याबरोबर नाही. ज्यांनी तुमच्या डोळ्यांत रोज थेंब घातले त्यांना बसवा. त्यांनी हो म्हटलं की मग मी बसेन."

राजेश्वरी ठेवणीतली साडी नेसून अलकापुरीच्या बंगल्यावर आली. नवऱ्याने जन्मभर गाड्या चालवल्या, त्यातल्या एकीतही ती कधी बसली नव्हती. धनाजीरावांनी पुढचं दार उघडलं, पण ती मागेच जाऊन बसली.

"कुठे जायचं?"

"तुम्ही रोज जाता तिकडे. मला बघायचंय, कुठे असता दिवसभर ते."

गाडी निघाली. राजेश्वरीने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. जेलरोडच्या कडेची झाडं, झाडांची पानं, पानांच्या कडा. धनाजीराव बघत होते. लांब, फार लांब, लालबागच्या पुलावर चढणाऱ्या बसच्या पाठीवरची अक्षरं वाचता येत होती. त्यांचा हात आपण होऊन गिअरवर गेला आणि चौथा पडला. इंजिनाचा आवाज खाली उतरला. पुढे एक म्हैस रस्ता ओलांडायच्या विचारात उभी होती. तिचा विचार व्हायच्या आधीच त्यांनी पाय उचलला होता. गाडी वाऱ्यावर चालल्यासारखी हळू होत गेली, म्हैस गेली, गाडी पुन्हा सुटली.

"एवढं लांब येता रोज?" मागून राजेश्वरी म्हणाली.

"हं."

मकरपुरा आला. धनाजीरावांनी आरशात पाहिलं. तिने सीटची पाठ सोडली होती. पायांतल्या चपला काढून खाली बाजूला जोडून ठेवल्या होत्या, आणि घरात चटईवर बसावं तशी मांडी घालून ती खिडकीतून कारखान्यांच्या पाट्या वाचत बसली होती.